फळीला नमस्कार
ये गं, अशी जवळ बस. सख्खी भाची माझी, अन् वर्षातून एकदा दसऱ्यालाच तोंड दाखवतेस! हा झेंडूचा वास आला ना, की मला नातीचं नाशिकचं ते व्यायामाचं केंद्र आठवतं. तिला सेरेब्रल पाल्सी, त्यामुळे तोल राहत नसे. तिथे एका फळीवर उभं राहून झुकलं, की टीव्हीवरच्या गेममधली होडी चालायची. पण पोरगी बाजूचा आधाराचा कठडा सोडेना, अन् कठडा धरला की अंगाचा भार फळीवर पडेना, होडी हलेना. महिने गेले. एका दसऱ्याला मी मळ्यातली फुलं नेली अन् हौसेने त्या फळीचीच पूजा केली. झालं! नात फळीवर चढेना. "आजी, पूजेच्या वस्तूला पाय कसा लावू?" व्यायाम घेणाऱ्या बाई हसल्या, "आजी, आता तुम्हीच समजवा!" मी म्हटलं, "पाय लागला की लगेच नमस्कार कर, म्हणजे झालं." ती कठडा धरून चढली अन् घाईघाईने झुकून तिने दोन्ही हात जोडले. कठडा सुटला होता, अन् ती उभी होती! होडी सरकली. "आजी, कोण चालवतंय?" "तूच की गं!" माझ्या लुगड्याला कॉलर असती ना, तर तिथेच ताठ केली असती. आता ती कुणाला न धरता दारापर्यंत जाते. आत्ता दसऱ्याच्या सुट्टीतल्या शाळेच्या सहलीला गेलीये. पुढच्या रविवारी परत ये, दार तीच उघडेल.