गुरुजींनी भरलेला कर

नोकरीच्या तीस वर्षांत हजारो कागद हाताखालून गेले. त्यातला एक मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. इन्कम टॅक्सची नोटीस होती ती, एका शाळामास्तराच्या नावाने आलेली.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मी मूळचा साताऱ्याकडचा, त्या भागात नवखा. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे आमचा निम्मा वेळ हातभट्ट्या फोडण्यात जाई. उरलेला वेळ बाजारातले खिसेकापू आणि जंगलातून निघणारे चोरटे सागवान यांच्यात. फसवणुकीचे गुन्हे क्वचितच येत आणि आले की मला हायसे वाटे. कागदाचा गुन्हा म्हणजे धावाधाव नाही, रक्त नाही, असे मी समजत असे.

एका सकाळी हजेरी चालू असताना पिठाच्या गिरणीचा मालक ठाण्यात आला. भुवयांवरही पीठ होते. अंमलदाराने बस म्हटले तरी तो बसेना.

"साहेब, माह्या दोस्तानं मले फसवलं," तो म्हणाला.

दोस्त म्हणजे त्याच गावच्या शाळेतले गुरुजी. दोघे चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलेले. हा शेतकऱ्याचा मुलगा, गुरुजी बौद्ध वस्तीतले आणि त्या वस्तीतून मास्तर झालेले पहिलेच. वडिलांच्या पश्चात गुरुजींनी शहराकडचा एक प्लॉट विकला आणि त्या पैशात गावात विटांचे घर बांधले. घराला चुना लागला त्याच महिन्यात नोटीस आली. प्लॉट विकून झालेल्या नफ्यावर कर भरला नाही, आठ दिवसांत तीन हजार नऊशे रुपये भरा, नाहीतर घर जप्त होईल. गुरुजींकडे चारशे होते. साडेतीन हजार गिरणीवाल्याने दिले. नव्या मोटरसाठी जमवलेले पैसे होते ते.

"काही लिहून घेतलंत?"

"गुरुजीसंगं लिखापढी कायची करू, साहेब?"

पुढे गिरणीवाल्याचा साळा नागपूरला गेला होता, त्याने ओळखीतून इन्कम टॅक्सच्या कचेरीत चौकशी केली. अशी नोटीस निघालेलीच नाही, असे त्याला सांगण्यात आले. कागद बनावट होता. गिरणीवाल्याने त्याचा अर्थ एकच काढला.

"पैशाचं जाऊ द्या," तो म्हणाला. "पन तो माह्यासंगं खोटं बोलला."

मी गुन्हा नोंदवला आणि एका शिपायाला गुरुजींना आणायला शाळेत पाठवले. वर्दीत, भर वर्गातून. त्यांना संध्याकाळी घरी निरोप देता आला असता, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

गुरुजी आले ते बोटांना खडू लागलेलेच. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला पेन. जबाब त्यांनी सरळ दिला. नोटीस रजिस्टर पोस्टाने आली. घाबरून ते अर्जनवीसाकडे गेले, कारण प्लॉटचे खरेदीखत त्यानेच लिहिले होते. अर्जनवीस म्हणाला, "नागपूरले माझी वळख हाय, रोख देजा, मी भरून आनतो." गुरुजींनी पैसे दिले. चार दिवसांनी भरणा केल्याचा शिक्क्याचा कागद मिळाला. तोही त्यांनी आणला होता, घडी न मोडता, पुठ्ठ्याच्या फाइलीत.

हा अर्जनवीस म्हणजे तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून बसणारा साठीचा गृहस्थ. जमिनीची खरेदीखते, अर्ज, प्रतिज्ञापत्रे लिही. ठाण्यात येणाऱ्या निरक्षर लोकांच्या तक्रारीही तोच लिहून देई. रोज दुपारी आमचा चहा एकत्र होई. मी त्याला बोलावून घेतले. तो कपाळाला गंध लावून, शांतपणे आला आणि म्हणाला, खरेदीखतानंतर गुरुजींची आणि त्याची भेट नाही.

गुरुजी त्याच्याकडे बघतच राहिले.

"काका, तुमच्या हातात देले नं मी? तुम्ही दोनदा मोजले."

"गुरुजी, तुमची गल्लत होऊन राह्यली," अर्जनवीस म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट कीव होती.

माझ्यापुढे दोन माणसे होती. एकाला मी रोज भेटत होतो, दुसऱ्याला पहिल्यांदा पाहत होतो. पैसे दिल्याची पावती नव्हती. घर नव्याने बांधलेले होते आणि त्यात पैसा कमी पडला असणार, असे मी धरून चाललो. चार तास मी गुरुजींना तेच तेच विचारले. हात लावला नाही, हे खरे. पण शेवटी म्हणालो, "मास्तर, पोरांना हेच शिकवता का?"

ते फाइलीची नाडी बोटाला गुंडाळत बसले. मग विचारले, "शाळेत कळवान का?"

"कळवावंच लागेल," मी म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जामीनदार घेऊन यायला सांगून त्यांना सोडले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, बाराही वाजले. दोन वाजता गुरुजींची बायको ठाण्याच्या पायऱ्यांवर उभी राहिली.

"झालं काय त्यायचं बयान?" तिने विचारले. "सकाळीच ठाण्यात जातो म्हून निंघाले. अजून जेवाले आले नाई."

ते ठाण्यात आलेच नव्हते. एका टांगेवाल्याने त्यांना वर्धा स्टेशनवर पाहिले होते, हातात पिशवीसुद्धा नव्हती. वर्धा जंक्शन. तिथून मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास, सगळीकडच्या गाड्या मिळतात. मी स्टेशन डायरीत "आरोपी फरार" अशी नोंद केली. पळाला म्हणजे गुन्हा केला असणार, हे आमच्या खात्यातले जुने गणित. त्या दिवशी मला ते अगदी बरोबर वाटले.

तीन आठवड्यांनी हिंगणीकडच्या एका उपकेंद्रातली नर्स मला भेटायला आली. विधवा, पस्तिशीची, बोलायला खणखणीत. पण अंमलदारासमोर तोंड उघडेना. आत घेतले तेव्हा पर्समधून एक कागद काढून तिने टेबलावर ठेवला.

"गुरुजी पळाले म्हंतात लोकं. पन साहेब, मले बी असाच कागद आला व्हता."

तिनेही जागा विकली होती. तिलाही आठ दिवसांची मुदत होती. केळझरच्या बहिणीच्या पाटल्या गहाण ठेवून तिने पैसे उभे केले होते.

"आधी का नाही आलात?"

"सरकारी नोकरी माही. त्यात इन्कम टॅक्सचं लफडं. कोनाले सांगू?"

"पैसे कोणाकडे दिले?"

"अर्जनवीस काकाकडं."

मी कागद उचलून वाचू लागलो. ती पुढे वाकली आणि नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे नाव बी चुकवलं मेल्यानं. हे माह्या मालकाचं नाव नाई, सासऱ्याचं हाय. खरेदीखतात बी हेच लिवलं व्हतं. तवाच भांडली मी त्यायच्यासंगं."

मी त्याच दुपारी निबंधक कचेरीतून तिच्या खरेदीखताची नक्कल मागवली. चूक तीच होती. मग गुरुजींचे खरेदीखत मागवले. प्लॉटचा नंबर सरकारी नोंदीत सात, खतात अर्जनवीसाच्या हातून सतरा पडलेला. खणातून गुरुजींची नोटीस काढली. तिच्यातही सतरा. ज्याने नोटीस तयार केली त्याने सरकारी नोंद पाहिली नव्हती, अर्जनवीसाच्या खताचा मसुदा पाहिला होता. तीन आठवडे तो कागद माझ्या खणात होता. मी तो खरेदीखताशी एकदाही ताडून पाहिला नव्हता.

पंच घेऊन अर्जनवीसाच्या घराची झडती घेतली. कागदावर जगणारा माणूस कागद फेकून देत नाही. देवघराच्या फळीवर, पोथ्यांच्या मागे, नागपूरहून केलेल्या रजिस्टर पोस्टाच्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या सापडल्या. सात पावत्या, सात माणसे. सगळी जागा विकलेली, सगळी अब्रूला जपणारी. त्याचा साथीदार नागपूरला एका वकिलाकडे पूर्वी चपराशी होता. त्याच्या खोलीत रबरी शिक्के मिळाले.

अर्जनवीसाला मी समोर बसवले. सुरुवातीला तो म्हणाला, खताची नक्कल कोणीही काढू शकतो. मी पावत्यांचा दोरा टेबलावर ठेवला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाणी मागितले. त्यानंतर त्याने काही लपवले नाही. कोणी किती घासाघीस केली, कोणाला हप्ते पाडून दिले, सगळे सांगितले.

"आणि गुरुजी?"

"त्यायनं काहीच म्हटलं नाई. तिसऱ्या दिवशी सगळे आनून देले. म्हने, सरकारचा पैसा घरात ठेवाचा नाई."

माझा लेखनिक अंमलदार एवढे लिहून थांबला. 

खटला चालला. दोघांना दोन दोन वर्षांची शिक्षा लागली. वर्तमानपत्रात बातमी आली, वरिष्ठांनी शाबासकी दिली. ज्या दिवशी अर्जनवीसाला अटक झाली, त्या संध्याकाळी गिरणीवाला आला आणि विचारू लागला, "साहेब, माही तक्रार फाडता येते का?" मी म्हणालो, आता ती कोर्टाची झाली. तो पायरीवर बसला आणि डोके धरून म्हणाला, "मी त्याले एक डाव इचाराले पायजे व्हतं. घर काय लांब व्हतं? दोन गल्ल्या." त्यानंतर गुरुजींच्या घरी दळण आपसूक जात राहिले. त्या बाईने ते कधी नाकारले नाही आणि त्याच्याशी कधी बोललीही नाही.

मी "आरोपी फरार" ही नोंद बदलून "बेपत्ता" केली. सगळ्या रेल्वे पोलीस ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवले. कुठे अनोळखी प्रेत सापडले की फोटो येई. तो घेऊन मी स्वतः गुरुजींच्या बायकोकडे जाई, शिपायाला पाठवत नसे. ती पदराने हात पुसून फोटो घेई, नीट बघे आणि म्हणे, "हे ते नाईत." असे पाच-सहा वेळा झाले. गुरुजी काही सापडले नाहीत.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे पुढे नव्या पोरांना प्रशिक्षणात सांगायची वेळ आली तेव्हा मी तीन गोष्टी सांगत असे. ओळखीच्या माणसाचा जबाब अनोळखी माणसापेक्षा जास्त तपासा. जो पळतो तो गुन्हेगारच असतो असे नाही, काही माणसे लाजेनेही पळतात. आणि कोणाला वर्गातून, दुकानातून, मंडपातून उचलून आणायच्या आधी क्षणभर थांबा. त्यात गेलेली अब्रू परत करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. पोरे लिहून घेत. मी मात्र प्रत्येक वेळी एक वाक्य गाळत असे, "पोरांना हेच शिकवता का?" हे. ते माझ्या तोंडून कोणाहीपुढे निघाले नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

माझी बदली झाली तेव्हा मी एका वर्तमानपत्रात स्वतःच्या पैशाने चार ओळींची जाहिरात दिली. नाव न घालता, गुरुजींना कळेल अशी. आपल्यावरचा आरोप खोटा ठरला आहे, आपण निर्दोष आहात, घरी परत यावे. छापलेला अंक घेऊन मी त्या विटांच्या घरी गेलो. बाईला वाचता येत होते, गुरुजींनीच शिकवले होते. तिने त्या चार ओळी बोट फिरवत दोनदा वाचल्या.

"साहेब, हा पेपर कुठवर जाते?"

"नागपूर, अमरावती, यवतमाळ. चंद्रपूरपर्यंत जातो."

"अन् त्याच्यापुढं?"

मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. तिने पेपरची घडी केली आणि मला बसायला पाट दिला.