चार गोळ्यांचे पाच निकाल

आधीच सांगते, या सदरातले अनुभव वाचून खो खो हसणाऱ्यांपैकी मी आहे. चाहूल, संकेत, कुणीतरी मागे उभं असणं... माझ्या डोक्यात हे शिरतच नाही. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. काम काय, तर कॉम्प्युटरला औषधं ओळखायला शिकवायचं. एखाद्या रेणूची रचना दिली की तो लिव्हरला किती घातक ठरेल, हे माझं मॉडेल शून्य ते एकच्या मध्ये सांगतं. त्यामुळे खालचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

लॅब अंधेरीला, घर घाटकोपर पूर्वेला, पंतनगरमध्ये. घरी आई आणि मी, दोघीच. आमच्या लॅबमध्ये एक सवय आहे – मॉडेल बदललं की आधी त्याला घरच्यांच्या गोळ्या खायला घालायच्या. वर्षानुवर्षं चालू असलेल्या, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. त्यांनाच ते विष म्हणायला लागलं तर समजायचं, वाट लागली. माझ्या फाईलमध्ये आईच्या चार आहेत: बीपी, थायरॉईड, शुगर, कोलेस्ट्रॉल. चार ओळी, बस.

त्या आठवड्यात गुरुवारी कमिटीसमोर माझा रिव्ह्यू होता. गेल्या वेळी त्यांनी मला धुऊन काढलं होतं, यंदा पुन्हा तसं झालं असतं तर गाशा गुंडाळावा लागला असता. सोमवारी चार गोळ्या टाकल्या... निकाल पाच आले. पाचवीपुढे ०.९४, म्हणजे जवळजवळ विषच. म्हटलं, हा प्रतीकचा घोळ. प्रतीक माझ्या शेजारी बसतो आणि त्याला कुणाच्याही फाईलमध्ये हात घालायची खोड आहे. मी ती ओळ पुसली. मंगळवारी पुन्हा पाच, पुन्हा तेच ०.९४. प्रतीकवर वसकन ओरडले, तर तो म्हणाला, मी हातही लावलेला नाही यार. मला कमिटीसाठी तक्ता स्वच्छ हवा होता ना... परत पुसली.

बुधवारी दुपारी जेवायच्या आधी फाईल उघडून ओळी बोटाने मोजल्या. चार. रन केलं. पाच. या वेळी मात्र ती रचना स्क्रीनवर काढून बघितली आणि लगेच ओळखली. सांधेदुखीची एक जुनी गोळी होती ती. मॉडेलला शिकवायच्या माहितीत मीच तिच्यापुढे ‘लिव्हरला घातक’ अशी खूण केली होती.

मी जागची उठलेच. कारण आठवडाभर आईला अन्न जात नव्हतं. पित्त झालंय, ती म्हणायची, आणि मी ‘आलं चघळ’ सांगून लॅबला पळायचे. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला... नाही. लॅपटॉप तसाच उघडा टाकून मेट्रो पकडली. सगळ्या वाटेवर स्वतःला शिव्या घालत होते, की एवढी शिकलेली बाई आणि कोडमधल्या एका बगपायी घरी धावतेय. तरी दर स्टेशनाला फोन लावत होते.

दार उघडायला तिला बराच वेळ लागला. खिडकीशी नेऊन डोळे बघितले तर पिवळे. सरळ विचारलं, गुडघ्यासाठी काय घेतेयस? शिलाई मशीनच्या खणातून एक स्ट्रिप काढून तिने माझ्या हातावर ठेवली. तीच गोळी. बिल्डिंगची लिफ्ट महिनाभर बंद होती, तीन जिने चढून-उतरून तिचे गुडघे धरले होते आणि खालच्या सावंत काकूंनी त्यांच्याकडची गोळी दिली होती. सकाळ-संध्याकाळ, वीस दिवस.

“तू रागावशीत म्हणान सांगूक नाय गो,” ती म्हणाली. घाबरली की ती मालवणीवर येते. आणि खोटं कशाला बोलू, मी रागावलेच असते. तोंडच तसलं आहे माझं.

संध्याकाळी ॲडमिट केलं. सहा दिवस होती. डॉक्टर म्हणाले, “अजून आठवडाभर घेतली असती, तर मी आज तुमच्याशी वेगळं बोलत असतो.” रिव्ह्यू बुडाला, पुढची तारीख मिळाली.

प्रतीकने नंतर सगळा कोड पिंजून काढला. जुनं काहीतरी मेमरीत अडकलं असेल, म्हणतो. असेल बाबा. पण त्या माहितीत हजारो रेणू आहेत, त्यातून नेमका तोच? आणि या गोळीचं आई आणि काकू सोडल्या तर कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर कितीदा तरी रन केलंय, चाराचे चारच येतात. तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा, यावेळी हसणार नाही.

आई आता ठणठणीत आहे. बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला कौतुकाने सांगते, पोरीला कळलं मात्र, हातातलं काम टाकून धावत आली. मी ऐकून घेते. ती ओळ मी दोनदा पुसली होती, हे तिला सांगायची अजून माझी हिंमत झालेली नाही.