एकट्यानं प्यायचं पाणी

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात कधी घोटभर चहासुद्धा एकट्यानं घेतलेला नाही, हे मी अंबाबाईची शपथ घेऊन सांगतो. टपरीवर ओळखीचं कोणी नसलं तर रस्त्यानं चाललेल्या माणसाला ते बोलावून आणतात. एकदा दारात भांडायला आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी तांबड्या रश्श्यापुढं बसवलं. तो गडी भांडण विसरला आणि जाताना रस्सा डब्यात घेऊन गेला. मेहुणी कपाळाला हात लावते, पण मटण शिजवताना पातेलं मोठंच घेते.

अशा माणसाला कॅन्सर झाला आणि डावी किडनी काढावी लागली. ऑपरेशन छान पार पडलं. पुढं तपासणीच्या स्कॅनला मीच त्यांना घेऊन गेलो. फोटोत आतडी नीट ओळखू यावीत म्हणून औषध कालवलेलं बाटलीभर पाणी त्यांना प्यायला दिलं होतं. मी गाडी लावून येईपर्यंत बाटली रिकामी. रिपोर्ट मात्र वाईट आला: किडनी काढली तिथंच गाठीसारखं काहीतरी दिसतंय, आजार उलटला असावा. आमच्या पायाखालची जमीनच सरकली. साडू सगळ्यांना धीर देत होते, पण ताटातला घास काही त्यांच्या तोंडात जाईना.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, पाणी सगळं प्यायला होता ना?

"शेजारच्या खुर्चीत कोडोली गावचं पावणं बसल्यालं," साडू म्हणाले. "त्यास्नी सोडून एकट्यानं कसं पिणार ओ?"

डॉक्टरांना हसावं की रागवावं कळेना. किडनी गेली की रिकाम्या जागेत आतडं सरकतं, म्हणाले. औषध तिथवर पोचलं नाही तर तेच गाठीसारखं दिसू शकतं. पण खात्री करायलाच हवी. मग पुन्हा स्कॅन. या खेपेला मी बाटलीवर पहारा दिला. साडूंनी एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून शेवटचा थेंब संपवला. मी बाहेर बसून ठाऊक होते तेवढे देव आळवले.

ते आतडंच निघालं. गाठबिठ काही नव्हती.

साडू बाकावर बसले. गल्ली दणाणून सोडणारा हा माणूस माझा हात धरून अगदी हळू म्हणाला, "लई भ्यालतो, पावणं."

त्यांचा तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही. आता रविवारी दुपारी, नेमका माझा डोळा लागलेला असताना, ते खालून चहाला बोंबलून हाक मारतात. मी उठतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटतं.