समजलं नाही म्हणणारे मास्तर

भोसरीपासून देहूरोडपर्यंत माणसाला काय येतं हे विचारणारे साहेब ढिगाने होते. काय येत नाही हे मायेने विचारणारा माणूस एकच, आमच्या तंत्रशाळेतले फिटरचे मास्तर. मी तिथे ड्रॉइंग शिकवायचो. शिफ्ट सुटायच्या वेळी मास्तर सायकल टेकवून कुठल्यातरी कंपनीच्या गेटावर हजर. युनियनचे पुढारी समजून एकदा वॉचमनने त्यांना हुसकावलंही. पण जुना विद्यार्थी दिसला की त्याची बाही धरून विचारायचेच, "पहिल्या दिवशी कुठं अडलास रे?" उत्तर लगेच वहीत. याला ते गंभीर चेहऱ्याने 'संशोधन' म्हणायचे. भाजीची पिशवी हँडलला रिकामीच लटकत राहायची आणि घरी त्यांच्या मंडळी पिठल्यावर भागवायच्या.

या संशोधनातून एक शोध लागला. आमची पोरं कानस झकास चालवतात, पण साहेबाचं बोलणं न समजताच "हो साहेब" म्हणतात आणि हातातला जॉब नासवतात. झालं! दर शनिवारी दुपारी मास्तरांनी आम्हा शिक्षकांचाच वर्ग भरवायला सुरुवात केली. एकेकाला उभं करून म्हणायला लावायचे, "समजलं नाही, परत सांगा." वेल्डिंगचे पन्नाशीतले शिक्षक लाजून भिंतीकडे तोंड करून म्हणत. "आधी आपल्या जिभेला वळण, मग पोरांच्या," असं मास्तरांचं म्हणणं. माझ्या तोंडून मात्र ते वाक्य कधी नीट निघालं नाही. मी पडलो डिप्लोमावाला!

एकदा ते गेटावरून थेट शाळेत परतले. सोबत मावळातला आमचा एक जुना विद्यार्थी होता. एका कारखान्याने त्याला आठवडाभर चाचणीवर ठेवून घरी पाठवलं होतं. "भोकं उलट्या अंगाला पडली, मास्तर. आमी शिकलो तसला नकाशा तिथं न्हाई," तो म्हणाला. चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. त्या कारखान्यातल्या परदेशी नकाशात वस्तूची उजवी बाजू उजवीकडे काढत. मी शिकवायचो त्या पद्धतीत ती डावीकडे यायची. दुसरी पद्धत मी परीक्षेपुरती वाचून विसरलो होतो.

 शनिवारी मास्तर तसला एक नकाशा फळ्यावर टाचून म्हणाले, "ड्रॉइंगवाले, मला हे समजलं नाही. पुढच्या शनिवारी शिकवता का?" आठवडाभर पुस्तकं धुंडाळून मी आधी शिकलो आणि मग शिकवलं. पहिल्या बाकावर त्या मुलाला शेजारी घेऊन मास्तर बसले होते आणि भाबड्या शंका विचारत होते. पुढे त्या मुलाला चिंचवडला काम लागलं.

मास्तर निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. तो मुलगा परत आला त्या दिवसाचं पान मी भीतभीतच उघडलं. मुलाचं नाव, पुढे 'नकाशा उलटा वाचला', आणि 'कोणाच्या शिकवण्यातली चूक' या रकान्यात मास्तरांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

हल्ली शिफ्ट सुटताना गेटावर मी उभा असतो. पोरं भेटतात, वही भरते. पण मास्तरांची फार आठवण येते. "मास्तर, चूक माझी होती, मलाच समजलं नव्हतं," एवढं त्यांना सांगायचं राहून गेलं.