पेन्सिलीनं काढलेली आई

मी नेकनूरच्या शाळेत चित्रकला शिकवतो. चारेक वर्षांपूर्वी एका सकाळी हवालदार एका बाईला घेऊन थेट वर्गाच्या दारात आले. बाई शिरूर कासारकडची, ऊसतोडीहून गावी परतणारी. आदल्या दिवशी एसटीत तिचा डोळा लागला आणि शेजारी बसलेली तिची विसराळू म्हातारी आई नेकनूरला उतरून गेली. आईचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, काळपट. त्यात गाल भरलेले होते. आता तोंडात एकही दात नव्हता.

"सर, चित्र काढता का?" हवालदारांनी विचारलं.

न पाहिलेलं माणूस मी कधी काढलं नव्हतं. लेक सांगत गेली, मी काढत आणि खोडत गेलो. तासाभरात नाक, डोळे, कपाळ सगळं तिच्या सांगण्याप्रमाणं झालं. तरी ती म्हणाली, "न्हाई सर. ही माझी आई न्हाई."

"मग कशी दिसते?"

तिला सांगता येईना. शेवटी तिनं स्वतःच तोंड करून दाखवलं. खालचा ओठ पुढं, मान डावीकडं कललेली, कुणावर तरी रुसल्यासारखी. मी ओठ होता त्याहून जरा जास्तच पुढं काढला. ती रडायलाच लागली. "हीच. हीच माझी आई."

हवालदारांनी चित्राचा फोटो ठाण्यातल्या चेहरे जुळवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये टाकला. त्यात ठिकठिकाणी सापडलेल्या माणसांचे फोटो होते. पहिलाच चेहरा आला तो एका मिशीवाल्या आजोबांचा. हवालदार ओशाळले. "याला फोटोच लागतो सर. पेन्सिलीचं कळत न्हाई त्याला."

मग आम्ही स्टँडवर गेलो. पेरू विकणाऱ्या चाचांनी कागद पाहिला मात्र, म्हणाले, "अरे, ही तर कालची अम्मा! पेरू दिला तर असाच ओठ काढून बसली. लेक अंबाजोगाईला हाय म्हणत होती, म्हणून मीच गाडीत बसवून दिलं." मग त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं का माझं?"

"न्हाई चाचा," लेक म्हणाली.

हवालदारांनी फोन लावले. अशक्तपणामुळे म्हातारीला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारी आम्ही पोचलो. लेक खाटेकडं धावली. म्हातारीनं तिला निरखून पाहिलं, पण ओळख पटली नाही.

"बाई, मला माझ्या लेकीकडं सोडतीस का?"

"सोडते की," लेक म्हणाली आणि तिचे विस्कटलेले केस विंचरायला बसली.

दोन दिवसांनी दवाखान्यातून सोडल्यावर मी दोघींना शिरूरच्या गाडीत बसवून दिलं. म्हातारीनं लेकीचा पदर घट्ट मुठीत धरला होता.