शिमग्यातला हिरवा चुडा

आमच्या गावाला लाज फार. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आईला चारचौघांत कधी हाक मारली नाही. बाजाराला जाताना ते दहा पावलं पुढं, ती मागं. कुणी नवराबायको बोलत चालले तर पारावरची माणसं मुद्दाम खाकरायची. आणि शिमगा आला की हीच माणसं ओट्यावर बसलेल्या सासवांसमोर तोंडावर हात मारून असलं काही ओरडायची, की आम्ही पोरी कानांत बोटं घालून आत पळायचो. रंगपंचमीपर्यंत सगळं माफ. कुणी ठरवलं हे, देव जाणे.

त्या दिवसांत सोंगं निघायची. पुरुषाचं पुरुषाशी खोटं लग्न लागायचं, आणि नवरी व्हायचा माझा थोरला भाऊ. दादा चांगला उंचापुरा, पण लुगडं नेसला की आईसुद्धा बघत राहायची. नवरा दरसाल एकच, शेजारचा त्याचा दोस्त. तो माधवनगरच्या गिरणीत कामाला होता, सणाला गावी यायचा. दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गावभर हिंडायचे, त्याचं कुणाला काही नव्हतं. म्हातारे दादाची पाठ थोपटायचे, "लय झ्याक नवरी हाय रं गड्या आपली!"

मधे दादा पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला. लढाई संपली, तो सुटून आला. त्या शिमग्याला त्याची एक चूक झाली. एरवी आईच्या जुन्या काकणांवर भागायचं. या खेपेला त्यानं कासाराला ओट्यावर बसवून स्वतःच्या मापाचा हिरवा चुडा भरून घेतला. भरून झाल्यावर कासाराला वाकून नमस्कार केला, बायका करतात तसा. लोक हसून हसून लोळले. मीही हसले.

रंगपंचमीला सोंगं उतरली. सगळे विहिरीवर तोंडं धुऊन आमच्या दारात जमले. दादानं लुगडं सोडून धोतर नेसलं, बांगड्या मात्र हातात तशाच.

"फोड आता त्या," आबा म्हणाले.

आई ओट्यावरून ओरडली, "आवं, सणाचं फोड काय म्हनता? वाढव म्हना."

दादा शांतपणे म्हणाला, "माझा मालक जिता हाय. कशापायी वाढवू?"

पुन्हा हशा पिकला. मग दादा हसत नाही हे दिसलं, आणि एकेक तोंड मिटलं. आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "बांगड्या फोड, न्हाईतर घर सोड," ते म्हणाले. सगळ्यांनी दोस्ताकडं पाहिलं. दादानंही पाहिलं. आणि तो मेला दोस्त हसला! "मला काय इचारताय? सोंग व्हतं त्ये," म्हणाला आणि गर्दीत मागं सरकला.

"हात धर गं त्याचा," आबा माझ्यावर खेकसले. मी धरला. माझ्या डोक्यात एकच, दादा घरात राहिला पाहिजे. वाटलं होतं, तो हिसडा देईल. पलटणीतला गडी, मला कुठं आवरणार होता? पण हात नुसता सैल पडला. आबांनी दगड घातला. मनगटात रुतलेल्या काचा मीच काढल्या, वर हळद दाबली. दुखतंय का विचारलं, तर म्हणाला, "न्हाई."

दादा राहिला घरात. उसाला पाणी पाजायचा, बैलं धुवायचा, पुढ्यात येईल ते खायचा. दोस्ताचं वैशाखात लग्न झालं. गावानं झालं गेलं पोटात घातलं, असं आबा छाती फुगवून सांगायचे. पोटात घातलं म्हणे! डोंबल!

पुढच्या शिमग्याला तीच म्हातारी माणसं खुशाल दारात आली. "चल रं, तुझ्याबिगर नवरी न्हाई." येताना लुगडंसुद्धा घेऊन आली होती.

दादा गोठ्यात वैरण टाकत होता. वर न बघता म्हणाला, "बांगड्या फुटल्याल्या बाईला कुनी नवरी करतं व्हय?"

माणसं पोट धरून हसली. "लय बेरकी हाय गड्या!" म्हणत त्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मी आत चुलीपाशी होते. ज्या हातांनी त्याचं मनगट धरलं होतं, त्याच हातांनी त्यांच्यासाठी चहा गाळत होते.