विहाराचा रविवार

पुनारामचा स्वभाव भलता गोड. अन् गोड माणसाला मुंग्या लागतात, दोष मात्र त्याच्याच गोडीला मिळतो. बालाघाटच्या एका राइस मिलमध्ये तो काट्यावर होता. धान विकायला आलेला शेतकरी असो की मालक, सगळ्यांशी हसून बोलायचा.

सन अडुसष्टच्या उन्हाळ्यात भैयालालनं पोरांचं मंडळ काढलं. हा भैयालाल राजेगावच्या शेतकऱ्याचा पोरगा, इथं कचेरीत कारकून. "एकमेकाच्या देवस्थानात जायचं, दर इतवारी एक. समझ बढेगी," म्हणाला. आधी मशीद, मग चर्च, मग मंदिर, अन् शेवटी पुनारामच्या वॉर्डातला विहार. पुनारामला आभाळ ठेंगणं झालं. कुडाच्या भिंतीच्या त्या विहारात मतं मागणारे सोडले तर बाहेरचं कुणी कधी फिरकलं नव्हतं.

त्याची माय रुख्माबाई मात्र खुशीत नव्हती. छप्पन साली ती नागपूरहून दीक्षा घेऊन आली, अन् आल्याबरोबर घरचे देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडून आली. त्या दिवसापासून तिनं कोण्या देवापुढे हात जोडला नाही.

"जाय बाबू, सगळीकडे जाय," ती म्हणाली. "पन देवळात हात नोको जोडू. दीक्षेत शब्द देला हाय आपनं."

मशिदीत शरबत मिळालं, चर्चमध्ये बाकावर बसून गाणं ऐकलं. मंदिरात पुजाऱ्यानं पुनारामकडे नुसतं पाहिलं, अन् बाकीचेही पाहू लागले. भैयालाल कानाशी लागला, "हात जोड ना यार, सगळे बघून राह्यले." पुनारामच्या मनात एकच भीती, आता बिघडलं तर आपल्या विहाराचा रविवार जाईल. त्यानं हात जोडले. पुजाऱ्यानं टिळा लावला. रस्त्यानं त्यानं तो बाहीनं पुसला, पण बाही लाल झाली, अन् मायचे डोळे काही गेले नव्हते.

"जोडले न हात?"

"एकडाव, माय. थे येतीन न आपल्याकडे."

ती आत निघून गेली. पण पुढच्या रविवारी पहाटे तिनंच विहार सारवला. सणासाठी जपून ठेवलेला चिन्नोर तांदूळ काढून खीर रांधली. वासानं सारा वॉर्ड जागा झाला. म्हाताऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून येऊन बसल्या.

ऊन डोक्यावर आलं तरी कुणाचा पत्ता नाही. शेवटी पुनाराम सायकल काढून भैयालालच्या खोलीवर गेला. तो जेवून आडवा झाला होता.

"अरे, विहार तं झालाच न," भैयालाल उठून बसत म्हणाला. "बुद्ध म्हंजे विष्णूचाच अवतार. मंदिर झालं, त्यात थेही आलं. तू तं सगळ्यासमोर हात जोडले, मंग वेगळं काय राह्यलं? आता उकव्याच्या जंगलात पिकनिक हाय, चालतं का?"

अशी तोंडाला पानं पुसली, अन् तीही हसून. पुनारामनं सायकल वळवली. भांडणार तरी कशावर? पुरावा त्यानंच तर दिला होता.

"येऊन राह्यले का?" रुख्माबाईनं विहाराच्या दारातूनच विचारलं. त्यानं झालं ते सारं सांगितलं. म्हाताऱ्या बाया खाली पाहू लागल्या.

"टोपलीभर देव मी नदीत सोडून आलती," ती हळूच म्हणाली. "तू एका नमस्कारात सारे वापस आनले."

मग तिनं खीर वाढली, सगळ्यांना, अन् शेवटी त्यालाही. तो वाटी हातात धरून बसला. खीर निवून गेली.

त्यानंतर पुनारामनं जन्मभर कुणापुढे हात जोडले नाहीत. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे वंदनेला बसत, तेव्हा तो मागे भिंतीशी उभा राही, दोन्ही हात पाठीमागे धरून. रुख्माबाई एकदा वळून बघे अन् पुन्हा समोर पाही. जोड म्हणून तिनं त्याला कधी सांगितलं नाही.